कुस्कोचा सिएन्सियानो: खंड जिंकलेला, देश न जिंकलेला क्लब

मध्यरेषा (धागाकर्ता)

दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघाच्या अधिकृत स्पर्धांमध्ये वरिष्ठ गटात पेरूच्या क्लबांनी आजवर दोनच विजेतेपदे मिळवली आहेत आणि ती दोन्ही एकाच क्लबाच्या नावावर आहेत. हा क्लब राजधानी लीमाचा नाही. तो अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेल्या कुस्को शहराचा सिएन्सियानो आहे. त्याने २००३ मध्ये कोपा सुदामेरिकाना ही स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनिअर्सला हरवून रेकोपा, म्हणजे खंडातल्या दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधल्या लढतीचा चषकही मिळवला. मात्र याच क्लबाला स्वतःच्या देशाची प्रथम श्रेणीची स्पर्धा कधीही जिंकता आलेली नाही. ज्याने रिव्हर प्लेट आणि बोका या अर्जेंटिनाच्या दोन्ही बलाढ्य क्लबांना नमवले, तो लीमाच्या क्लबांसमोर वारंवार का थांबला, हा प्रश्न मला या क्लबाच्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

सुरुवात एका शाळेपासून करावी लागते. स्पॅनिश सत्ता संपल्यानंतर १८२५ मध्ये सिमोन बोलिव्हारने कुस्कोमध्ये विज्ञान आणि कला यांचे एक राष्ट्रीय विद्यालय स्थापन केले. त्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शहर ज्या नावाने ओळखत होते, तेच नाव घेऊन ८ जुलै १९०१ रोजी हा क्लब सुरू झाला. त्या काळी कुस्कोपर्यंत रेल्वेही पोहोचलेली नव्हती. किनाऱ्यावरून आरेकिपामार्गे निघालेला लोहमार्ग शहरात आला तो १९०८ मध्ये, आणि माचू पिच्चूचे अवशेष बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते १९११ नंतर. आज ज्या पर्यटनामुळे कुस्को जगभर ओळखले जाते, त्याच्याही आधीपासून या शहरात लाल सदरे घातलेला हा संघ खेळत होता.

पेरूमध्ये फुटबॉल आला तो काय्याओ बंदरातून, इंग्रज खलाशी आणि व्यापारी यांच्याबरोबर. त्यामुळे पुढची अनेक दशके ज्याला राष्ट्रीय स्पर्धा म्हटले जात होते, ती प्रत्यक्षात लीमा आणि काय्याओ या दोन शेजारच्या शहरांचीच स्पर्धा होती. प्रांतांमधल्या क्लबांना तिचे दार उघडले ते १९६६ मध्ये, आणि १९६७ पासून कोपा पेरू ही देशभरच्या जिल्हा व प्रांत पातळीवरच्या संघांची स्पर्धा सुरू झाली. म्हणजे सिएन्सियानोच्या आयुष्याची पहिली पासष्ट वर्षे अशी गेली की संघ कितीही चांगला असता, तरी त्याला देशाचा विजेता होण्याची संधीच नव्हती. ज्या क्लबांना त्या पासष्ट वर्षांत प्रेक्षक, पैसा, वृत्तपत्रांतली जागा आणि राष्ट्रीय संघातले खेळाडू मिळाले, ते अलियान्सा लीमा आणि उनिव्हेर्सितारिओ यांच्यासारखे क्लब तेवढ्या काळात इतके पुढे गेले की नंतर दार उघडूनही अंतर भरून निघणे सोपे राहिले नाही. १९८१ मध्ये आरेकिपाच्या मेल्गारने विजेतेपद मिळवले, २०११ मध्ये चिक्लायोच्या हुआन आउरिचने आणि २०१५ मध्ये पुन्हा मेल्गारने. प्रांतांच्या वाट्याला आलेली अशी वर्षे फार थोडी आहेत.

सिएन्सियानो या यादीत येण्याच्या अगदी जवळ पोहोचला तो २००१ मध्ये. त्या वर्षी क्लबाला शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि योगायोग असा की अलियान्सा लीमाचीही ती शताब्दी होती. वर्षाच्या पहिल्या सत्राचा विजेता अलियान्सा आणि दुसऱ्या सत्राचा विजेता सिएन्सियानो अशी गाठ अंतिम लढतीत पडली. लीमातला सामना अलियान्साने जिंकला, कुस्कोतला परतीचा सामना सिएन्सियानोने १-० असा जिंकला, आणि मग कुस्कोच्याच मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर, पेनल्टींवर विजेतेपद निसटले. पुढे २००५ मध्ये स्पोर्टिंग क्रिस्ताल आणि २००६ मध्ये पुन्हा अलियान्सा यांच्याविरुद्ध निर्णायक लढतीत हार झाली. पाच-सहा वर्षांत तीनदा अगदी दारापर्यंत जाऊन परत यावे लागलेल्या या क्लबाविषयी मला मनापासून आत्मीयता वाटते.

आता २००३ कडे येतो. कोपा सुदामेरिकाना ही स्पर्धा तेव्हा अवघी दुसऱ्या वर्षात होती आणि ब्राझीलचे क्लब तिच्यात प्रथमच उतरले होते. सिएन्सियानोचे प्रशिक्षक होते फ्रेडी तेर्नेरो. त्यांच्या हाती जो संघ होता, त्यात लीमाच्या मोठ्या क्लबांना ज्यांची गरज उरली नव्हती असे बरेच अनुभवी खेळाडू होते. आघाडीचा हेर्मान कार्ती पस्तिशीचा होता आणि त्याच स्पर्धेत त्याने सर्वाधिक, म्हणजे सहा गोल केले. गोलरक्षक ऑस्कर इबान्येस जन्माने अर्जेंटिनाचा, पण पेरूचे नागरिकत्व घेऊन तिथल्या राष्ट्रीय संघात खेळलेला. बचावात सान्तियागो आकासिएते आणि पॅराग्वेचा कार्लोस लुगो, मध्यफळीत हुआन कार्लोस बासालार, हुलिओ गार्सिया, पाओलो माल्दोनादो आणि केचुआ, म्हणजे अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, आडनाव असलेला सेसार काहुआंतिको. यांपैकी एकाचेही नाव त्या वर्षाच्या आधी खंडात कुणाच्या तोंडी नव्हते.

अलियान्सा लीमाला बाजूला सारल्यानंतर चिलीचा उनिव्हेर्सिदाद कातोलिका समोर आला. कुस्कोत ४-० आणि सान्तियागोत १-३, अशा एकत्रित ५-३ ने तो टप्पा पार पडला. मग ब्राझीलचा सान्तोस आला. रोबिन्यो आणि दिएगो या कोवळ्या वयाच्या खेळाडूंमुळे संपूर्ण खंड त्या वर्षी सान्तोसकडे पाहत होता आणि तो संघ नुकताच लिबेर्तादोरेस चषकाचा, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना खेळून आला होता. सान्तोसच्या घरच्या मैदानावर सिएन्सियानोने १-१ अशी बरोबरी साधली आणि कुस्कोत २-१ असा विजय मिळवला. उपांत्य फेरीत कोलंबियाच्या अत्लेतिको नासिओनालला आधी मेदेयीनमध्ये २-१ आणि नंतर कुस्कोत १-० असे हरवले.

हे सारे घडत होते तेव्हा पेरूची देशांतर्गत स्पर्धा खेळाडूंच्या संपामुळे विस्कटून गेली होती. थकलेल्या वेतनासाठी खेळाडूंनी संप पुकारला होता आणि वर्षाचे दुसरे सत्र अर्धवट राहिले. देशाचे फुटबॉल ठप्प असताना देशातला एक प्रांतीय संघ खंडाच्या अंतिम सामन्याकडे चालला होता, आणि त्यामुळेच कदाचित लीमाच्या लोकांनीही त्या काही आठवड्यांत हा संघ आपला मानला.

१० डिसेंबर २००३ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये रिव्हर प्लेटविरुद्ध पहिला सामना झाला. मानुएल पेयेग्रिनी यांच्या त्या संघात मार्सेलो सालास आणि मार्सेलो गायार्दो होते. त्या मैदानावर जाऊन सिएन्सियानोने तीन गोल केले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. परतीचा सामना कुस्कोत व्हायला हवा होता, पण अंतिम सामन्यासाठी तिथल्या मैदानाची प्रेक्षकक्षमता अपुरी ठरली, म्हणून तो आरेकिपाला हलवण्यात आला. १९ डिसेंबरच्या त्या सामन्यात ७८व्या मिनिटाला लुगोने फ्री किकवर गोल केला. लाल कार्डांमुळे सिएन्सियानोला शेवटची मिनिटे नऊ खेळाडूंनिशी काढावी लागली आणि त्यांनी ती काढली. एकत्रित गोलसंख्या ४-३.

या विजयाविषयी बोलताना बहुतेक लोक पहिलाच शब्द उच्चारतात तो ‘उंची’. माझे म्हणणे असे आहे की उंचीने मदत केली, परंतु विजेतेपदाचे श्रेय तिला देणे हा या संघावर अन्याय आहे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

प्राणवायू

धागा आवडला, परंतु उंचीचा मुद्दा आपण थोडा घाईने बाजूला ठेवला आहे असे मला वाटते. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून त्या बाजूने काही गोष्टी मांडतो.

३,४०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश एवढाच असतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात पोहोचणारा प्राणवायू घटतो. समुद्रकाठच्या खेळाडूची श्रम करण्याची कमाल क्षमता एवढ्या उंचीवर साधारणपणे १५ ते २० टक्क्यांनी कमी होते. शिवाय फुटबॉलमध्ये खेळाडू एकदा जोरात धावल्यावर पुन्हा धावण्यासाठी किती लवकर सावरतो, याला फार महत्त्व असते आणि उंचीवर नेमके हे सावरणेच लांबते. दुसऱ्या अर्ध्या तासानंतर पाहुण्या संघाच्या दोन खेळाडूंमधली अंतरे वाढू लागतात, ती याच कारणाने.

शरीर जुळवून घेते, पण त्याला दोन ते तीन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ कोणत्याही क्लबाकडे नसतो. म्हणून पाहुणे संघ शक्यतो सामन्याच्या अगदी थोडे आधी पोहोचतात आणि सामना संपताच उतरतात, कारण उंचीचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे, काही तासांनंतर वाढत जातो. चेंडूचाही प्रश्न आहे. विरळ हवेत त्याला अडथळा कमी होतो, त्यामुळे तो अधिक वेगाने जातो आणि हवेत कमी वळतो. गोलरक्षकाचे वर्षानुवर्षे बसलेले अंदाज तिथे चुकतात.

आपणच दिलेल्या आकड्यांमध्ये कुस्कोतले तिन्ही निकाल, म्हणजे ४-०, २-१ आणि १-०, सिएन्सियानोच्या बाजूचे आहेत. कातोलिकाविरुद्धची फेरी तर पूर्णपणे कुस्कोतच जिंकली गेली, कारण सान्तियागोत हार झाली होती. हे योगायोगाने घडत नाही.

अक्षांश

प्राणवायू यांनी शरीराविषयी जे लिहिले आहे ते मान्य आहे, मात्र उंचीमुळे सामने जिंकता येतात आणि उंचीमुळे स्पर्धा जिंकता येतात, ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरे विधान खरे असते तर खंडाचे सर्व चषक बोलिव्हियात असते. ला पास हे शहर ३,६०० मीटरांच्या आसपास आहे, तिथे बोलिव्हार आणि द स्ट्राँगेस्ट यांच्यासारखे जुने क्लब आहेत, आणि तरीही महासंघाची एकही क्लब स्पर्धा बोलिव्हियाच्या कोणत्याही क्लबाने जिंकलेली नाही. सिएन्सियानोनंतर लगेच, २००४ मध्ये, बोलिव्हार याच कोपा सुदामेरिकानाच्या अंतिम लढतीत पोहोचला होता. ला पासमध्ये त्याने बोकाला १-० असे हरवले आणि ब्वेनोस आयरेसमध्ये ०-२ असा सामना गमावला. दोन सामन्यांच्या लढतीत उंचीवरचा संघ साधारणपणे असाच अडकतो, कारण वर जे कमावले ते खाली गमवावे लागते.

सिएन्सियानोचे वेगळेपण खालच्या मैदानांवर आहे. सान्तोसमध्ये बरोबरी, मेदेयीनमध्ये विजय, ब्वेनोस आयरेसमध्ये तीन गोल करून बरोबरी. समुद्रकाठी किंवा मध्यम उंचीवर जाऊन एवढे निकाल आणणारा संघ उंचीवर अवलंबून असलेला संघ म्हणता येणार नाही. आरेकिपाची उंची २,३०० मीटरांच्या थोडी वर आहे, म्हणजे अंतिम सामन्यात त्यांना त्यांच्या नेहमीच्या हवेपेक्षा हजार मीटर खाली खेळावे लागले, आणि तेही परक्या शहरात. रेकोपाचा सामना तर सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, फोर्ट लॉडरडेल येथे झाला. समुद्राकाठचे शहर, एकच सामना, समोर २००३ चा लिबेर्तादोरेस विजेता बोका. बोकाच्या तेव्हेसच्या गोलमुळे मागे पडल्यानंतर अगदी शेवटी कोलंबियाचा रोद्रिगो सारास याने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर सिएन्सियानो ४-२ असा जिंकला. तिथे मदतीला कोणती उंची होती?

जुना_गोलरक्षक

अक्षांश यांचा प्रतिसाद उत्तम आहे. त्याला एक राजकीय बाजू जोडावीशी वाटते.

२००७ च्या फेब्रुवारीत ब्राझीलचा फ्लामेंगो बोलिव्हियातल्या पोतोसी येथे, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, खेळला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, पण खेळाडूंना प्राणवायूचे नळकांडे लावावे लागल्याची छायाचित्रे सगळीकडे गेली आणि क्लबाने अशा ठिकाणी पुन्हा न खेळण्याची भाषा सुरू केली. त्याच वर्षी मे महिन्यात फिफाने २,५०० मीटरांवर आंतरराष्ट्रीय सामने खेळवण्यास बंदी घातली. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोर आणि कोलंबिया या देशांनी जोरदार विरोध केला. महिन्याभरात ती मर्यादा ३,००० मीटर झाली, ला पासला सवलत मिळाली, आणि मे २००८ मध्ये बंदी मागे घेण्यात आली.

या प्रकरणात कुस्कोच्या लोकांना काय वाटले असेल याचा मी नेहमी विचार करतो. इंका साम्राज्याची राजधानी राहिलेले, शतकानुशतके अखंड नांदलेले शहर, आणि दुसऱ्या खंडातल्या एका कार्यालयाने त्याला सांगायचे की तुम्ही जिथे राहता ती जागा खेळण्यायोग्य नाही. उन्हात चाळीस अंशांवर सामने खेळवले जातात, दमट हवेत खेळवले जातात, बर्फात खेळवले जातात, पण डोंगरात राहणाऱ्या माणसांनी मात्र आपल्या घरी पाहुणे बोलावू नयेत, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आणखी एक नोंद करतो. २००८ च्या लिबेर्तादोरेस स्पर्धेत हाच फ्लामेंगो कुस्कोत आला आणि सिएन्सियानोला ३-० असे हरवून गेला. चांगली तयारी आणि चांगला संघ असेल तर वरही जिंकता येते.

रानपाखरू

मी फुटबॉलची नियमित प्रेक्षक नाही, पण काही वर्षांपूर्वी माचू पिच्चूला जाताना कुस्कोत मुक्काम केला होता. विमानतळावरून शहरात शिरताना जिना चढल्यासारखी धाप लागली होती, ती या प्रतिसादांमुळे आठवली. शहरात लाल झेंडे आणि भिंतींवर रंगवलेली लाल चिन्हे बरीच दिसली. चौकशी केल्यावर सिएन्सियानोचे नाव कळले, आणि सांगणाऱ्याने लगेच २००३ चा उल्लेख केला.

माझा प्रश्न असा आहे की त्या विजयानंतर क्लबाचे काय झाले? एवढ्या मोठ्या यशानंतर पैसा आला असेल, मोठे खेळाडू आले असतील. मग पेरूचे विजेतेपद का मिळाले नाही? धागाकर्त्यांनी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

मध्यरेषा (धागाकर्ता)

रानपाखरू ताई, आपण नेमक्या जागी आणून सोडलेत. मला समजते तसे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे चषकी स्पर्धा आणि वर्षभराची साखळी स्पर्धा यांना वेगवेगळ्या गोष्टी लागतात. २००३ मध्ये अंतिम फेरीपर्यंत जाण्यासाठी काही मोजके सामने नीट खेळावे लागले, आणि त्यासाठी तेर्नेरो यांच्याकडे पंधरा-सोळा खात्रीचे खेळाडू पुरेसे होते. साखळीत मात्र वर्षभर, कधी किनाऱ्यावरच्या उकाड्यात, कधी अमेझॉनच्या बाजूच्या दमट हवेत, कधी डोंगरात खेळावे लागते. जखमा होतात, शिक्षा होतात, थकवा येतो. तिथे तीस खेळाडूंचा पगार वेळेवर देऊ शकणारा क्लब टिकतो. तो पैसा जाहिरातदार, दूरचित्रवाणी आणि मोठी बाजारपेठ यांच्याकडून येतो, आणि पेरूमध्ये या तिन्ही गोष्टी लीमात आहेत. देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या त्या एका महानगरात राहते.

दुसरी गोष्ट अशी की जिंकलेला संघ फार दिवस एकत्र राहिला नाही. आकासिएते २००४ मध्ये स्पेनच्या अल्मेरियाला गेला आणि तिथे बरीच वर्षे खेळला. जे तिशी-पस्तिशीतले होते त्यांचे खेळण्याचे दिवस मोजकेच उरले होते. तेर्नेरो यांना पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद मिळाले. नंतर ते राजकारणात गेले आणि लीमाच्या सान मार्तिन दे पोरेस या भागाचे महापौर झाले. क्लबाचे तेव्हाचे अध्यक्ष हुवेनाल सिल्व्हा हेही २००६ मध्ये संसदेत निवडून गेले. यशाने माणसे मोठी झाली आणि मोठी झालेली माणसे पुढे निघून गेली. त्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही, पण त्यांच्या जागा भरणारी व्यवस्था, म्हणजे कुमार वयाच्या खेळाडूंची घडण, स्वतःच्या मालकीच्या सुविधा आणि कायमचे उत्पन्न, उभी राहिली नाही, हे मला या कथेतले सर्वांत मोठे दुःख वाटते. २००३ ते २००६ ही चार वर्षे अशी होती की तेव्हा हे करता आले असते.

मैदान मात्र मोठे झाले. २००४ मध्ये पेरूत कोपा अमेरिका ही खंडातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा झाली, त्यासाठी कुस्कोच्या इंका गार्सिलासो दे ला व्हेगा मैदानाची क्षमता वाढवण्यात आली आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना तिथे खेळवला गेला. ज्या कारणासाठी सिएन्सियानोला आपला अंतिम सामना आरेकिपाला न्यावा लागला होता, ते कारण अवघ्या काही महिन्यांत दूर झाले. कुस्कोच्या लोकांना तो चषक आपल्या डोळ्यांसमोर उचललेला पाहता आला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

२०१० नंतर क्लबाची आर्थिक स्थिती बिघडत गेली आणि २०१५ मध्ये तो प्रथम श्रेणीतून खाली उतरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेर्नेरो यांचे निधन झाले होते. पुढची चार वर्षे दुसऱ्या श्रेणीत गेली. २०१९ मध्ये त्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून सिएन्सियानो परत वर आला.

अक्षांश

रानपाखरू यांच्या प्रश्नाला आणखी एक उदाहरण जोडतो, कारण ते अगदी त्याच वर्षांतले आहे. कोलंबियातल्या मानिसालेस या डोंगराळ शहराच्या ओन्से काल्दासने २००४ मध्ये लिबेर्तादोरेस चषक जिंकला. सान्तोस, साओ पाउलो आणि अंतिम लढतीत बोका, असे तीन माजी विजेते त्याने बाद केले. प्रशिक्षक होते लुइस फेर्नांदो मोन्तोया. डिसेंबरमध्ये जपानमधल्या योकोहामा येथे युरोपचा विजेता पोर्तो याच्याविरुद्ध पेनल्टींवर हार झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच दरोडेखोरांच्या गोळीबारात मोन्तोया गंभीर जखमी होऊन कायमचे अपंग झाले.

मात्र इथे एक महत्त्वाचा फरक आहे. ओन्से काल्दासने कोलंबियाची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकलेली आहे, २००३ मध्येच जिंकली होती. कोलंबियात बोगोता, मेदेयीन, काली, बारान्किया अशी अनेक मोठी शहरे आहेत आणि फुटबॉलची सत्ता त्यांच्यात वाटली गेली आहे, त्यामुळे मध्यम आकाराच्या शहरालाही फट सापडते. पेरूत तशी वाटणी नाही. म्हणून मला वाटते की सिएन्सियानोच्या प्रश्नाचे उत्तर क्लबापेक्षा देशाच्या रचनेत अधिक सापडेल.

प्राणवायू

राष्ट्रीय रचनेचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरीही २००१ च्या उदाहरणाकडे माझ्या बाजूने पुन्हा पाहावे अशी विनंती करतो. अलियान्सा लीमासारखा संघ दरवर्षी कुस्को, आरेकिपा आणि इतर उंच शहरांत खेळतो. त्याचे खेळाडू, प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक यांना उंचीवर कसे खेळावे हे माहीत असते: वेग कमी ठेवायचा, चेंडू आपल्याकडे ठेवायचा, उगाच पुढे धावायचे नाही, बदली खेळाडू लवकर उतरवायचे. ब्राझील किंवा अर्जेंटिनाच्या संघाला हा सराव नसतो. म्हणजे सिएन्सियानोचा घरचा फायदा परदेशी संघांविरुद्ध मोठा आणि देशी संघांविरुद्ध लहान ठरतो. खंड जिंकला पण देश नाही, या कोड्याचा एक भाग तरी यातून सुटतो असे मला वाटते.

जुना_गोलरक्षक

प्राणवायू, हा मुद्दा फार चांगला आहे आणि मी तो या रूपात कुठे वाचलेला नव्हता. दक्षिण अमेरिकेत डोंगर आणि किनारा दोन्ही असलेल्या देशांच्या साखळी स्पर्धांना तो लावून पाहायला हवा. इक्वेडोरमध्ये कीतोचा लीगा २००८ मध्ये लिबेर्तादोरेस जिंकला, पण तो देशातही वारंवार विजेता ठरला आहे, तेव्हा तिथे चित्र वेगळे दिसेल. त्याचे कारण मला असे वाटते की कीतो ही स्वतःच राजधानी आहे.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. कुस्कोत आता आणखीही क्लब प्रथम श्रेणीत आहेत ना? शहराची निष्ठा त्यामुळे विभागली गेली आहे का?

मध्यरेषा (धागाकर्ता)

होय. जुना प्रतिस्पर्धी म्हणजे देपोर्तिव्हो गार्सिलासो. तो १९५७ मध्ये दुसऱ्या एका शाळेच्या परंपरेतून निघाला, त्यामुळे कुस्कोची ही पारंपरिक लढत मुळात दोन शाळांमधली लढत आहे. गार्सिलासोने २०२२ मध्ये कोपा पेरू जिंकून प्रथम श्रेणी गाठली. तिसरा क्लब २००९ मध्ये रेआल गार्सिलासो या नावाने स्थापन झाला आणि आता कुस्को एफसी या नावाने खेळतो. २०२३ च्या हंगामात हे तिन्ही क्लब एकाच वेळी प्रथम श्रेणीत होते. लीमाबाहेरच्या एका शहराचे तीन संघ वरच्या श्रेणीत असणे ही पेरूच्या फुटबॉलमध्ये लहान घटना नाही. १९६६ पूर्वी कुस्कोच्या एकाही क्लबाला तिथे प्रवेश नव्हता.

निष्ठेविषयी विचाराल तर नव्या क्लबाने निकाल चांगले दिले आहेत, पण प्रेक्षकांचे मोठे प्रेम अजूनही सिएन्सियानोकडेच आहे. त्याचे समर्थक त्याला ‘एल पापा’, म्हणजे बाप, म्हणतात, आणि शहरातल्या इतर दोघांकडे ते त्याच नात्याने पाहतात. आता प्राणवायू यांच्या मुद्द्याच्या दृष्टीने मला २०२३ नंतरचे या तिघांमधले सामने तपासायचे आहेत, कारण दोन्ही संघ एकाच हवेत राहणारे असले की उंचीचा प्रश्नच उरत नाही. कुणाकडे त्या सामन्यांच्या नोंदी असतील तर इथे जरूर लिहाव्यात.